मुंबई ते कलकत्ता किती लांब?



सध्या मुक्काम बोरसी. दुर्ग आणि भिलाई ही जोडगावं, त्यांच्या कडेची ही वस्ती. एन.सी.सी.च्या पी.आय. स्टाफवर आहे. म्हणजे कॉलेजच्या पोरापोरींना कवायत, हत्यार आणि नकाशा शिकवायचा. बर्फातल्या दोन पोस्टिंग झाल्यावर ही नेमणूक बरी वाटते. पाणी नळाला येतं आणि रात्री पंखा लावून झोपता येतं, एवढं सुख पुष्कळ आहे. बस्तरबद्दल लिहा असं काही वाचकांनी कळवलं होतं. तिथे जे जवान आहेत त्यांनी ते लिहावं, माझा तो अनुभव नाही. मी जिथे राहतो तिथलं लिहितो.

नकाशा वाचनाच्या तासाला पोरं अंतर मोजायला शिकतात. सरळ रेषेचं अंतर पट्टीनं, वळणाच्या रस्त्याचं अंतर दोऱ्यानं. तिथून विषय निघाला मुंबई आणि कोलकाता या दोन विमानतळांचा. मोबाइल तीन वेगळे आकडे सांगतो, विमानाचा एक, रेल्वेचा दुसरा, रस्त्याचा तिसरा. मग खरा कोणता? इथली म्हातारी माणसं छत्तीसगढीत विचारतात, "कतका दूरिहा हे?" किती लांब आहे? आणि उत्तर कधी कोसात देतात, कधी वेळात. या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मला पावणेतीनशे वर्षांचा इतिहास सापडला. तोही दूरचा नाही, दुर्गवरून आणि दुर्गच्या डोक्यावरून गेलेला. (जुन्या काळाबद्दल लिहिताना मी कलकत्ता म्हणणार आहे, कारण तेव्हा तेच नाव होतं. कोलकाता हे नाव सरकारदरबारी 2001 साली लागलं.)

आधी गणित

मुंबई विमानतळ 19 अंश 5 मिनिटं उत्तर अक्षांश आणि 72 अंश 52 मिनिटं पूर्व रेखांशावर आहे. कोलकात्याचा दमदम विमानतळ 22 अंश 39 मिनिटं उत्तर आणि 88 अंश 27 मिनिटं पूर्व. पृथ्वी गोल असल्यामुळे या दोघांमधला सर्वांत जवळचा मार्ग हा गोलावरचा कंस असतो. पृथ्वीच्या केंद्रातून पाहिलं तर त्या कंसाचा कोन जवळपास 15 अंश भरतो. 360 अंशांचा चोविसावा भाग. पृथ्वीचा वेढा साधारण 40,000 किलोमीटर, त्याचा चोविसावा भाग म्हणजे 1,665 किलोमीटरच्या आसपास. नॉटिकल मैलात हेच 900. एक अंशात 60 नॉटिकल मैल, तेव्हा पंधरा साठे नऊशे. पोरांना हे आवडतं, कारण पाढे येत असले की पुरे.

रेल्वेनं मुंबई ते हावडा, नागपूरमार्गे, 1,968 किलोमीटर. त्यात मुंबई ते नागपूर 837, नागपूर ते दुर्ग 265 आणि दुर्ग ते हावडा 866. गोलावरचा तो कंस नकाशावर काढला तर तो नागपूरजवळून जातो आणि मग दुर्ग जिल्ह्यावरून निघतो. विमानं आखलेल्या हवाई मार्गांनी जातात, त्यामुळे रोज नेमकी त्याच रेषेवरून जात नाहीत. पण रात्री गच्चीवर उभं राहिलं की उत्तरेकडून एक लुकलुकता दिवा पूर्वेकडे सरकताना दिसतो. मुंबईहून निघून कोलकात्याला पोचायला त्याला अडीच-पावणेतीन तास लागतात.

आता हेच अंतर आधीच्या लोकांनी कसं कापलं ते पाहू.

घोड्यावरून

नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर 1741 च्या सुमारास याच मुलखातून पूर्वेला गेले. रतनपूरला तेव्हा हैहयवंशी राजांची गादी होती. ती भास्करपंतांनी ताब्यात घेतली आणि पुढे डोंगरातून पंचेतच्या वाटेनं बंगालात उतरले. एप्रिल 1742 मध्ये मराठी घोडदळ बर्दवानला होतं. दसऱ्याला निघायचं आणि पाऊस लागायच्या आत परतायचं, ही आपली जुनी रीत. नागपूर ते बर्दवान सरळ रेषेत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. पण वाटेत लढाई, वैरण आणि नदीचे उतार असले की किलोमीटरला काही अर्थ उरत नाही. तिथे महिने मोजायचे.

या अंतराचा दुसरा अर्थ बंगालच्या बाजूनं पाहायला हवा. आपण शाळेत ही मोहीम पराक्रम म्हणून शिकलो. बंगालात मात्र बारगीर, त्यांच्या भाषेत बर्गी, हा शब्द आईनं पोराला भीती घालायचा शब्द झाला. तिथल्या अंगाईत तो आजही आहे. गंगाराम नावाच्या बंगाली कवीनं 1751 साली ‘महाराष्ट्र पुराण’ लिहिलं, त्यात लुटीची, पळणाऱ्या गावांची वर्णनं आहेत. कलकत्त्यात इंग्रजांनी मराठ्यांच्या धास्तीनं खंदक खणायला घेतला, त्याला मराठा डिच हेच नाव पडलं. मराठे काही कलकत्त्यावर आले नाहीत, पण खंदक मात्र खणला गेला. सैनिकानं आपल्या पूर्वजांचा अभिमान धरावा, पण ज्या गावावरून फौज गेली त्या गावाची बाजूही वाचावी, असं मला वाटतं. 1744 साली अलिवर्दीखानानं बोलणीसाठी बोलावून भास्करपंतांना छावणीत मारलं. पुढे 1751 च्या तहात चौथाई ठरली आणि ओरिसा भोसल्यांकडे आला. तिथपासून नागपूर ते कटक हा रस्ता मराठी राज्याचा रोजचा रस्ता झाला, आणि छत्तीसगढ त्याच्या मधला मुक्काम. रघुजींचे पुत्र बिंबाजी भोसले 1758 पासून 1787 पर्यंत रतनपुरात राहिले. रायपूर, बिलासपूर, दुर्ग या गावांत आज जी जुनी मराठी घरं आहेत त्यांची पाळंमुळं त्या वाटेवर आहेत.

उलट्या दिशेचा एक प्रवास सांगतो. 1778 साली वॉरन हेस्टिंग्जला पुण्याच्या दरबाराविरुद्ध नागपूरकर भोसल्यांशी मैत्री करायची होती. त्यानं अलेक्झांडर इलियट नावाच्या आपल्या विश्वासू तरुण अधिकाऱ्याला कलकत्त्याहून नागपूरला पाठवलं. निघाला भर पावसाळ्यात. सप्टेंबरमध्ये सारंगडजवळ त्याला तापानं गाठलं आणि तो तिथेच गेला. त्याची कबर तिकडे आहे. सारंगड इथून पूर्वेला, रायपूरच्या पलीकडे. कलकत्ता ते नागपूर हे आज विमानानं दीड-पावणेदोन तासांचं अंतर आहे. इलियटला ते दोन महिन्यांतही संपवता आलं नाही.

साखळीनं मोजणारा सोल्जर

कोसावर आणि दिवसावर चाललेल्या देशाचं अंतर इंच इंच मोजायला घेणारा माणूसही सैनिकच होता. विल्यम लॅम्बटन, इंग्रजांच्या 33 व्या पायदळ रेजिमेंटचा. 1802 साली त्यानं मद्रासजवळ पायारेषा मोजली आणि त्रिकोणामागून त्रिकोण जोडत तो उत्तरेला निघाला. एक बाजू साखळीनं मोजायची, मग थिओडोलाइटनं कोन घ्यायचे आणि बाकी सगळं गणितानं काढायचं. वीस वर्षं तो हेच करत राहिला. नागपूरकडे जाताना 20 जानेवारी 1823 रोजी हिंगणघाटला त्याचा अंत झाला. त्याची कबर हिंगणघाटला आहे, आपल्या वर्धा जिल्ह्यात. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टनं हाती घेतलं, त्याचं नाव शिखराला मिळालं. लॅम्बटनचं नाव फारसं कुणी घेत नाही. नकाशा वाचनाच्या पहिल्या तासाला मी ते आवर्जून सांगतो, कारण आज मोबाइल जो आकडा दाखवतो त्याच्या मुळाशी या माणसाची पायपीट आहे.

नागपूरच्या झीरो माइलचा खांब या सर्वेक्षणाच्या परंपरेतला. चार दगडी घोडे आणि बाजूंवर मैलांत कोरलेली गावांची अंतरं. तिथे देशाचा मध्य आहे असं लोक म्हणतात. भूगोलाच्या काटेकोर हिशोबात मध्य कुठे धरायचा यावर वाद घालता येईल. पण नागपूर खरोखर कशाच्या मध्यावर आहे ते पुढे येईलच.

आगगाडी आणि तीन घड्याळं

मुंबईहून निघालेली आगगाडी नागपूरला 1867 साली पोचली. मुंबई-कलकत्ता सलग रेल्वे मात्र 1870 साली झाली, तीही नागपूरवरून नाही. जबलपूर-अलाहाबादच्या वळशानं. ज्यूल व्हर्नच्या ‘ऐंशी दिवसांत जगाची सफर’ मध्ये फिलिअस फॉगच्या हिशोबात मुंबई ते कलकत्ता तीन दिवस धरलेत, ते याच मार्गाचे. नागपूरच्या पूर्वेला आधी राजनांदगावपर्यंत मीटर गेजची लाइन आली. 1887 साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी स्थापन झाली, तिनं ती लाइन रुंद केली, दुर्ग-रायपूर-बिलासपूर करत 1891 पर्यंत आसनसोल गाठलं आणि 1900 साली हावड्याला जोडलं. दरेकसाच्या बोगद्यातून गाडी जाते तेव्हा महाराष्ट्र संपून छत्तीसगढ लागतं. बाहेर जंगल बघण्यासारखं आहे, कधी दिवसाच्या गाडीनं आलात तर खिडकी धरा.

त्या काळात प्रवासाला किती वेळ लागला हे सांगणं आजच्याइतकं सोपं नव्हतं. कारण मुंबईचं घड्याळ वेगळं आणि कलकत्त्याचं वेगळं. दोघांच्या रेखांशात साडेपंधरा अंशांचा फरक आणि एका अंशाला चार मिनिटं, म्हणून कलकत्ता मुंबईच्या एक तास आणि दोनेक मिनिटं पुढे. शिवाय रेल्वेचं वेळापत्रक मद्रासच्या वेळेवर. म्हणजे माणूस एक, तिकीट एक आणि घड्याळं तीन. 1 जानेवारी 1906 पासून साडेब्याऐंशी अंश रेखांशाची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कलकत्त्यानं आपली वेळ 1948 पर्यंत आणि मुंबईनं 1955 पर्यंत धरून ठेवली. ती साडेब्याऐंशी अंशाची रेषा इथून पूर्वेला जांजगीर-चांपा जिल्ह्यातून जाते. दुर्ग तिच्या थोडं पश्चिमेला, त्यामुळे इथला सूर्य घड्याळाच्या जेमतेम पाच मिनिटं मागे चालतो. मुंबईचा 39 मिनिटं मागे. सकाळच्या पी.टी.ला पाटण तालुक्यातला मी इथे लवकर उजाडलेलं पाहतो, त्याचं कारण हे.

26 डिसेंबर 1977 ला याच मार्गावर गीतांजली एक्स्प्रेस सुरू झाली. रेल्वेमंत्री आपले मधू दंडवते. या गाडीत वर्ग नव्हते, सगळ्यांना सारखाच डबा. लाकडी बाकावर गादी आणण्याचं श्रेय दंडवतेंना जातं, आणि जनरल आणि सेकंड क्लासमधून वर्षानुवर्षं ट्रंक घेऊन फिरणारा शिपाई ते विसरू शकत नाही. आज या मार्गानं मुंबई-हावडा तीस-बत्तीस तास लागतात.

रात्रीची विमानं

आता मुख्य गोष्ट. जानेवारी 1949 मध्ये देशात रात्रीची विमान टपाल सेवा सुरू झाली. दळणवळण मंत्री होते रफी अहमद किडवाई. कल्पना अशी: रोज संध्याकाळी दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून एकेक विमान टपालाच्या थैल्या घेऊन निघायचं. मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमानं नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरायची. तिथे थैल्यांची अदलाबदल व्हायची. मुंबईच्या विमानातून कलकत्त्याची थैली काढून कलकत्त्याच्या विमानात, दिल्लीची दिल्लीच्या, मद्रासची मद्रासच्या. मग प्रत्येक विमान आल्या वाटेनं परत. सकाळी आपापल्या शहरात. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून जिथे विमानानं लवकर पोचेल तिथलं साध्या दराचं पत्रही जादा पैसे न घेता विमानानं जाऊ लागलं. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात. इलियट दोन महिन्यांत जे करू शकला नाही ते एका लिफाफ्यानं एका रात्रीत केलं.

नागपूरच का? मी पोरांकडून हे कागदावर करून घेतलं. नागपूरहून हवाई अंतरं अंदाजे अशी: मुंबई 685 किलोमीटर, दिल्ली 855, मद्रास 910, कलकत्ता 985. आता मुंबई ते नागपूर ते कलकत्ता मिळवा. 1,670. सरळ गेलं तर 1,665. फरक पाच किलोमीटर! दिल्ली ते नागपूर ते मद्रास मिळवा. 1,765. सरळ गेलं तर 1,762. म्हणजे देशाचे दोन लांब कर्ण, मुंबई-कलकत्ता आणि दिल्ली-मद्रास, एकमेकांना जिथे छेदतात तिथे नागपूर बसलेलं आहे. झीरो माइलचा खांब काय सांगतो ते राहू द्या, नागपूरचं खरं मध्यपण हे आहे.

पुढचं गणित आणखी गमतीचं. चार शहरं एकमेकांना सरळ जोडायची तर सहा मार्ग होतात, येण्याजाण्याची बारा उड्डाणं, आणि एका रात्रीत सगळी मिळून साडेसोळा हजार किलोमीटर. नागपुरात भेटवलं तर आठ उड्डाणं आणि सात हजारांच्या आत. अर्ध्याहून कमी पेट्रोलमध्ये तेच काम. तोटा फक्त शेजारच्या शहरांना. मुंबई-दिल्ली सरळ 1,138 किलोमीटर, ते नागपूरवरून 1,540 होतं. पण पत्र काही तक्रार करत नाही, सकाळी पोचल्याशी कारण. अमेरिकेतल्या मोठ्या कुरियर कंपन्यांनी पुढे 1970 च्या दशकात एका मधल्या शहरात रात्री सगळं पार्सल गोळा करायची पद्धत उभी केली आणि तिचा जगभर बोलबाला झाला. नागपुरात तेव्हा ते वीसेक वर्षं रोज चाललं होतं.

विमान बहुतेक डाकोटा, म्हणजे डी.सी. 3. महायुद्धातून उरलेली, दोन इंजिनांची, ताशी 270 किलोमीटरच्या आसपास चालणारी. यावरून वेळ काढता येते. मुंबईहून अडीच तास, दिल्लीहून तीन तासांवर, मद्रासहून त्याहून थोडं जास्त, कलकत्त्याहून साडेतीनच्या वर. सगळ्यांनी एका वेळी पोचायचं तर कलकत्त्याचं विमान सर्वांत आधी निघायला हवं आणि मुंबईचं सर्वांत शेवटी. एक जरी उशिरा आलं तर बाकी तिघं थांबून राहणार. फौजेतल्या लोकांना ही आर.व्ही.ची पद्धत ओळखीची आहे. चार तुकड्या चार दिशांनी येतात आणि ठरल्या ठिकाणी, ठरल्या वेळी भेटतात. तिथे पाच मिनिटांचा उशीर म्हणजे काय ते आम्हाला माहीत असतं.

सेवा आधी इंडियन ओव्हरसीज एअरलाइन्सनं चालवली, मग हिमालयन एव्हिएशन आणि डेक्कन एअरवेजनं. 1953 साली विमान कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती इंडियन एअरलाइन्सकडे आली. काही प्रवासीही कमी भाड्यात या विमानांतून जायचे. पावसाळ्यात, ढगांत, आजच्यासारखी उपकरणं नसताना रोज रात्री चार विमानं उडवणं हे फुकट मिळालेलं यश नव्हतं. 12 डिसेंबर 1953 च्या रात्री मद्रासकडे निघालेलं डाकोटा नागपूरहून उडाल्यावर लगेच कोसळलं. 14 जणांपैकी 13 गेले, वैमानिक तेवढा वाचला. कामगार पुढारी आणि खासदार हरिहरनाथ शास्त्री त्यांत होते. दुसऱ्या दिवसापासून टपाल थांबलं नाही.

तेव्हा दुर्गची राजधानीही नागपूरच होती. 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची फेररचना होईपर्यंत दुर्ग, रायपूर, बिलासपूर या सगळ्या भागाचा कारभार नागपुरातून. कलकत्त्याचं टपाल विमान रात्री या भागावरून जायचं तेव्हा भिलाई हे एक खेडं होतं. पोलाद कारखान्याचा रशियाशी करार 1955 साली झाला आणि पहिली भट्टी 4 फेब्रुवारी 1959 ला पेटली. त्यानंतरच्या वैमानिकांना रात्री खाली भट्ट्यांचा लाल उजेड दिसत असणार, नागपूर जवळ आल्याची खूण.

99 ए.पी.ओ.

माझे आजोबा फौजेत होते. 1971 च्या नोव्हेंबरात ते पूर्व सीमेवर. घरी त्यांचा पत्ता होता नंबर, हुद्दा, नाव, युनिट आणि शेवटी ‘मार्फत 99 ए.पी.ओ.’. गाव नाही, जिल्हा नाही. उत्तरेकडच्या फौजेला 56, पूर्वेकडच्या फौजेला 99. 99 ची पत्रं कलकत्त्याला जमा होतात आणि तिथून युनिटकडे जातात. पुढच्याच वर्षी, 15 ऑगस्ट 1972 ला, पिनकोड आला. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस आणि संस्कृतचे पंडित. त्यांनी देशाचे आठ विभाग केले आणि नववा आकडा फौजेसाठी राखून ठेवला. बाकी आठ आकडे जमिनीवरची जागा सांगतात. नऊ सांगतो की हा माणूस कुठे आहे ते विचारू नका, पत्र पोचेल.

आमच्या ट्रंकेत एक आंतरदेशीय पत्र आहे. आजोबांच्या थोरल्या भावानं लिहिलेलं. आई गेली, तार केली आहे, पण तार पोचली नाही तर म्हणून हे पत्र, तू काळजी करू नये, दिवस आम्ही नीट करू, असा मजकूर. गावचा शिक्का 19 नोव्हेंबरचा, फील्ड पोस्ट ऑफिसचा 24 चा. गाव, कराड, मग आगगाडीनं मुंबई, मुंबईहून रात्रीच्या विमानानं नागपूर, तिथे थैली बदलून कलकत्ता, तिथून सरहद्द, असा त्या वेळचा टपालाचा रस्ता. पाच दिवस. त्यातली मुंबई-कलकत्ता ही सर्वांत लांब मजल फक्त एका रात्रीची. बाकी चार दिवस दोन्ही टोकांना गेले, एका टोकाला घाटातली एस.टी., दुसऱ्या टोकाला चिखलातला ट्रक. आजोबा युद्ध संपल्यावर, जानेवारीत घरी आले.

ऑक्टोबर 1973 मध्ये नागपूरची रात्रीची सेवा बंद झाली. जेट विमानं आली होती, ती दोन शहरांत सरळ उडत. मध्ये उतरायची गरज उरली नाही. चोवीस वर्षं देशाची पत्रं मध्यरात्री एका धावपट्टीवर भेटत होती, हे आता नागपुरातही थोड्या लोकांना माहीत आहे. सोनेगावला गेलात तर जरूर आठवा.

अंतर कमी झालं का?

2016 साली मी उत्तरेला होतो. पहाटे साडेचारला फोन आला की वडील गेले. बातमीला एक सेकंदही लागला नाही. सी.ओ. साहेबांनी सकाळी सहाला सुट्टी मंजूर केली, गाडी दिली. पण खिंड बंद, मग हवामान खराब म्हणून विमान नाही, मग दिल्ली, मग पुणे, मग घाट. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचलो. अग्नी धाकट्या भावानं दिला होता. मी व्हिडिओवर पाहिला, एका बंकरसारख्या खोलीत, सिग्नल तुटत होता.

आजोबांच्या वेळी बातमी पाच दिवसांनी पोचली, माणूस दोन महिन्यांनी. माझ्या वेळी बातमी त्याच क्षणी आणि माणूस तीन दिवसांनी. हिशोबानं अंतर खूपच घटलं. पण आजोबांना ते पाच दिवस आई जिवंत होती. आमच्या वाट्याला आलं ते वेगळं, सगळं दिसत असताना हात न पोचणं. कुणाचं अवघड, हे मला ठरवता येत नाही. फोन नको असंही मी म्हणणार नाही. पोरीचा पहिला शब्द मी फोनवरच ऐकलाय.

म्हणून पोरांना मी अंतराचे तीन आकडे लिहायला सांगतो. पहिला सरळ रेषेचा. दुसरा वाटेचा. तिसरा दारापासून दारापर्यंतच्या वेळेचा. बोरसी ते आमचं गाव हे उदाहरण घ्या. रायपूर ते मुंबई विमानाला दोनेक तास. पण बोरसीहून माना विमानतळापर्यंत दीड तास, तिथे आधी पोचायचे दीड तास, मुंबईत सामान घेऊन बाहेर पडायला तास आणि पुढे पाटणपर्यंत गाडीनं सहा-सात तास. बारा-तेरा तास होतात, त्यांत उडण्याचे दोन. विमानाचा वेग दुप्पट केला तरी माझा एकच तास वाचेल. गावाचा रस्ता सुधारला तर तीन वाचतील. किडवाईंच्या टपाल योजनेनं आणि ट्रंकेतल्या त्या पत्राच्या शिक्क्यांनी हेच दाखवलं होतं. मधली लांब मजल माणसानं केव्हाच जिंकली आहे, वेळ जातो तो दोन्ही टोकांना.

एका कॅडेटनं यावर विचारलं की मग सर, फौजेत सुट्टीला जाताना विमान का धरायचं? मी म्हटलं, टोकं आपल्या हातात नसतात. जे दोन तास हातात आहेत ते तरी कमी करावेत.

पुढच्या वेळी रतनपूरला जाऊन येणार आहे. बिंबाजींच्या काळातलं तिथे काय उरलंय ते पाहून लिहितो. तुमच्या घरी 56 किंवा 99 ए.पी.ओ.ची जुनी पत्रं असतील तर दोन्ही शिक्क्यांच्या तारखा पाहा आणि मधले दिवस मोजा. पत्रातल्या मजकुराइतकंच त्या दिवसांतही बरंच लिहिलेलं असतं.

जय हिंद.